हाडातली मज्जा तपासायची कशाला?

मंडळी, आधी शब्दांचा एक घोळ मिटवू. पाठीच्या कण्यातून जातो तो मज्जारज्जू, आणि हाडांच्या आत असते ती अस्थिमज्जा. दोन्हीकडे ‘मज्जा’ आल्यामुळे ‘कण्यात सुई टोचणार, पाय लुळे पडणार’ अशी भीती बसते आणि तपासणी लांबत जाते. खरं तर सुई जाते कमरेच्या मागच्या बाजूला, हाताला लागतं त्या हाडात. मज्जारज्जूचा तिथे संबंधच नाही.

आता भिवंडीत बसलोय, तर यंत्रमागाचाच दाखला घेऊ. बाजारात कापड कमी आलं. का? माग बंद असतील. किंवा माग धडधडतायत, पण निघालेला माल खराब म्हणून शेडमध्येच पडतोय. किंवा शेडच दुसऱ्या कुणी बळकावलीय. बाजारात उभं राहून हे सांगता येत नाही, शेडमध्ये जावं लागतं. हाताच्या शिरेतलं रक्त म्हणजे बाजार. हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट तिन्ही कमी आहेत, एवढं तो रिपोर्ट सांगतो. कारण पुष्कळदा मज्जेतच सापडतं. मज्जा ओस पडून तिथे चरबी दिसली, तर अप्लास्टिक अ‍ॅनिमिया. मोठाल्या, नीट न पिकलेल्या पेशींनी ती गच्च भरली असेल, तर बहुधा बी-१२ किंवा फोलेटची कमतरता. आणि ब्लास्ट नावाच्या कच्च्या पेशी २० टक्के किंवा त्याहून जास्त असतील, तर सहसा ल्युकेमिया. रक्ताचा आकडा तिघांचा सारखा असू शकतो, उपचार मात्र पूर्ण वेगळे.

यातल्या दुसऱ्या आजाराचं नातं कापडगिरण्यांशीही आहे. १९२८ साली डॉ. लूसी विल्स मुंबईत आल्या आणि गिरणीत राबणाऱ्या गरोदर बायकांचा रक्तक्षय त्यांनी अभ्यासला. यीस्टच्या अर्काने तो बरा होतो, हे त्यांनी १९३१ मध्ये मांडलं. त्या अर्कातलं औषधी द्रव्य म्हणजेच पुढे ओळखलं गेलेलं फोलेट.

आता ज्यासाठी हा विषय घेतला ते सांगतो. अशक्तपणा आला की आपल्याकडे आधी ‘ताकदीचं इंजेक्शन’ घेतलं जातं. त्यात बी-१२ असेल, तर एक-दोन दिवसांतच मज्जेतलं चित्र बदलायला लागतं. स्टेरॉइडचं तर त्याहून वाईट: काही ल्युकेमियांमध्ये कच्च्या पेशी तात्पुरत्या कमी होतात, रुग्णाला बरं वाटतं आणि निदान हुकतं. म्हणून तिन्ही पेशी कमी असतील, तर नमुने आधी, इंजेक्शन नंतर. जीव धोक्यात असेल तेव्हा अर्थातच डॉक्टर थांबणार नाहीत.

प्रत्येक रक्तक्षयाला ही तपासणी लागत नाही, हेही ऐका. लोहाची कमतरता किंवा थॅलेसेमिया साध्या रक्तातूनच कळतो.

आणि दुखतं का? जागा बधिर करतात, तरी मज्जा ओढताना क्षणभर चांगलीच कळ येते. खोटं कशाला सांगायचं! काही थेंब काचपट्टीवर पसरतात, बहुतेकदा हाडाचा बारीक तुकडाही घेतात. काचपट्टीचा अंदाज लवकर मिळतो, पण तुकडा आधी मऊ करावा लागतो, म्हणून त्या रिपोर्टला काही दिवस जातात. प्लेटलेट कमी आहेत एवढ्यावरून तपासणी टाळत नाहीत. नंतर जागा जरा जास्त वेळ दाबून धरतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर ती आधी सांगा. आणि जाताना आधीच्या इंजेक्शनांच्या चिठ्ठ्या सोबत न्या. नाव आठवत नसेल, तर रिकामी बाटली न्या.