नावातच काम

शेतकऱ्याच्या घरातील व शेतातील पुष्कळ वस्तूंना त्यांच्या कामावरूनच नावे पडलेली आहेत. जिने पीठ चाळावयाचे ती चाळणी, जिने दूध गाळावयाचे ती गाळणी, ज्याने भांडे झाकावयाचे ते झाकण. लाटण्याच्या बाबतीत तर काम व वस्तू यांचे नाव एकच आहे. काही ठिकाणी क्रम उलटा असतो. नांगर हे नाव संस्कृत 'लांगल' या शब्दापासून आले व त्यावरून 'नांगरणे' हे क्रियापद झाले. तिफणीचे नाव मात्र काम सांगत नाही; तिला तीन फण असतात, एवढेच सांगते.

कामावरून पडलेल्या नावाचा लाभ असा की, वस्तू प्रथमच पाहणाऱ्यासही तिचा उपयोग कळतो. शेतीत नव्याने आलेल्या वस्तूंची नावेही याच रीतीने घडविण्यात आली. पाऊस मोजणारे ते पर्जन्यमापक. किडींचा नाश करणारे ते कीटकनाशक, बुरशीचा नाश करणारे ते बुरशीनाशक व तणांचा नाश करणारे ते तणनाशक. परंतु व्यवहारात या शेवटच्या तिन्हींना 'औषध' असे एकच नाव दिले जाते, आणि धोका येथेच आहे.

खुलताबाद तालुक्यात मका व कापूस ही दोन्ही पिके घेतली जातात. मक्यातील रुंद पानांच्या तणांसाठी '२,४-डी' हे तणनाशक वापरतात. मका ते सहन करतो. कपाशीस मात्र त्याचा अल्प अंशही बाधतो. तणनाशक फवारलेला पंप नीट न धुता त्यानेच कपाशीवर कीटकनाशक फवारल्यास पाने अरुंद होऊन भेंडीच्या पानांसारखी दिसू लागतात व पीक खुंटते. वाऱ्याने उडून आलेल्या तुषारांनीही अशीच हानी होते.

डब्यावरील लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण विषाची तीव्रता दाखवितो. त्याचे काम दाखवीत नाही. म्हणून हिरवा रंग पाहून ते द्रव्य पिकास निर्धोक आहे, असे समजू नये.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी सल्ला देताना 'औषध मारा' असे न म्हणता काम सांगणारे नाव उच्चारावे. शेतकऱ्यांनी दुकानात तेच नाव सांगावे, पावतीवर लिहून घ्यावे व फवारणीपूर्वी डब्यावर वाचून पाहावे. तणनाशकासाठी पंप शक्यतो वेगळा ठेवावा आणि त्यावर ठळक अक्षरांत 'तणनाशक' असे लिहावे.