शुगर 180, पण कधीची?

रिपोर्टवर नुसतं ‘शुगर 180’ असेल, तर डॉक्टरांचा पहिला प्रश्न ठरलेला: उपाशीपोटीची की जेवणानंतरची? उपाशीपोटी 180 म्हणजे औषधांचा फेरविचार हवा. जेवून दोन तासांनी तोच आकडा बऱ्याच मधुमेहींना चालून जातो. समोर बसलेला पेशंट हे सांगतो. पण रिपोर्ट एकटाच दुसऱ्या दवाखान्यात पोचला, तर कोण सांगणार?

याचं उत्तर नोंदीत बसवण्याचं काम पुण्यातच चालतं. सी-डॅक या सरकारी संगणक संशोधन संस्थेत आरोग्य नोंदींच्या मानकांचं राष्ट्रीय केंद्र आहे. 2014 मध्ये भारत ‘स्नोमेड सीटी’ या आंतरराष्ट्रीय वैद्यकीय संज्ञावलीचा सदस्य झाला. तिच्यात टाइप 2 मधुमेहाचा क्रमांक 44054006, उच्च रक्तदाबाचा 38341003. तपासण्यांसाठी ‘लॉइंक’ ही वेगळी यादी. तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारी एचबीएवनसी तिथे 4548-4 आहे. उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर या तिथे दोन स्वतंत्र तपासण्या, त्यामुळे आकड्याबरोबर त्याची वेळही जाते.

27 सप्टेंबर 2021 रोजी देशभर सुरू झालेल्या आयुष्मान भारत डिजिटल मिशनमध्ये पेशंटला 14 अंकी आभा क्रमांक मिळतो. नोंद जिथे झाली तिथेच राहते. दुसऱ्या डॉक्टरांनी मागितली, की मोबाइलवर विचारणा येते. कोणत्या काळातल्या नोंदी, किती दिवस दाखवायच्या, हे पेशंटने ठरवायचं. दिलेली परवानगी मागेही घेता येते.

क्रिएटिनिन 0.9, मग 1.1, मग 1.3. तीन वर्षांत तीन लॅबमधून आलेले हे आकडे सुटे पाहिले तर कुणी दचकत नाही. एका रेषेत मांडले, की किडनीचं काम मंदावल्याची शंका येते. मग मेटफॉर्मिनचा डोस तपासायचा, गुडघेदुखीसाठी सर्रास घेतली जाणारी पेनकिलर टाळायची. ही रेष आपोआप निघायला आकडा लॉइंकच्या कोडसकट यावा लागतो. रिपोर्टचा फोटो चढवला, तर तो डॉक्टरांना वाचता येतो, एवढंच. किती नोंदी जोडल्या हे मोजताना हा फरक हरवू देता कामा नये.

दुसरी अडचण घरातली आहे. आजी ओपीडीत, तिच्या आभाला जोडलेला मोबाइल मुलाच्या खिशात, मुलगा हिंजवडीत. ओटीपी तिथे जातो. परवानगी पेशंटचीच असावी, हे अगदी योग्य. पण अशा म्हाताऱ्या माणसांसाठी काउंटरवर मदतनीस बसवणं, हेही या व्यवस्थेच्या खर्चातच धरायला हवं.