पट्टा ताणा, पण जपून!

सुपरचार्जर म्हटलं की आपल्या मंडळींचा पहिला प्रश्न ठरलेला: 'पॉवर किती वाढली?' पट्ट्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नाही. टर्बो एक्झॉस्टच्या गरम वायूवर फिरतो. सुपरचार्जरला मात्र बहुतेक गाड्यांत क्रँक पुलीवरून पट्ट्यानेच फिरवावं लागतं. २००० च्या दशकात 'कॉम्प्रेसर' लिहिलेल्या मर्सिडीज आपल्याकडे मिरवायच्या, त्यांच्यात हाच फंडा होता. पण ती कंपनीची फिटिंग. हौसेने बाहेरून बसवलेल्या सेटअपमध्ये पट्ट्याची वाट मेकॅनिक ठरवतो, आणि घोळ तिथेच होतो.

परीक्षा बघायचीय? पोलादपूर गाठा. महाड-पोलादपूरचा पट्टा सखल. तिथून आंबेनळी घाटाने चाळीसेक किलोमीटरवर महाबळेश्वर, उंची साधारण साडेतेराशे मीटर. वर हवा जवळजवळ आठव्या हिश्शाने विरळ होते, म्हणून सुपरचार्जर तिथे भन्नाट वाटतो. मात्र अनेक सेटअपमध्ये तोच पट्टा वॉटर पंप आणि पॉवर स्टिअरिंगही चालवतो. ऐन वळणावर तो तुटला तर? स्टिअरिंग दगडासारखं जड, टेम्परेचरचा काटा वर आणि शेजारी दरी!

माझ्या एका मित्राची गाडी चढावर किंचाळायची. पुलीभोवती काळी भुकटी जमलेली. महाडच्या गॅरेजमधल्या काकांचं अर्धं आयुष्य पिठाच्या गिरण्या दुरुस्त करण्यात गेलंय. मित्र म्हणाला, "काका, अजून आवळा." काका हसले. "पट्टा ओरडला म्हणून आवळत सुटायचं नाय. आधी बघायचं, पुलीला मिठी किती मारतोय."

गोम या मिठीतच आहे. जास्त बूस्टसाठी लोक छोटी पुली लावतात. ती फिरते वेगाने, पण पट्ट्याला धरायला जागा कमी मिळते. मग कितीही ताणा, घसरणारच. वर सुपरचार्जरच्या आणि क्रँकच्या बेअरिंगवर नाहक भार. काकांनी आयडलर पुली सरकवून मिठी वाढवली. पुल्या एका रेषेत आहेत का, ते लोखंडी पट्टी लावून पाहिलं. मगच थंड इंजिनवर, बॅटरीची वायर काढून, टेन्शनरचा बोल्ट फिरवला. इंजिन हाताने दोन फेरे फिरवून ताण पुन्हा मोजला. थोडं चालवून, गार झाल्यावर आणखी एकदा, कारण नवा पट्टा खाचांत बसताना सैल पडतो.

मोजायला आता मोबाइल अ‍ॅपही आहेत. पट्ट्याला टिचकी मारायची, तंबोऱ्याच्या तारेसारखा स्वर निघतो, फोन हर्ट्‌झ सांगतो. आकडा १० टक्के उतरला म्हणजे ताण १९ टक्के गेला! काकांचा अंगठा मात्र अ‍ॅपच्या आधीच निकाल देतो.

(हौशी मंडळी, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ वाचून ठेवा. कंपनीच्या मूळ तपशिलाविरुद्ध बदल चालणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये बजावलंय. विमा कंपनीलाही हे सांगावं लागतं.)

निघताना काकांनी बॉनेटच्या आतल्या बाजूला मार्करने लिहिलं: ६पीके१७३५. सहा धारा, लांबी १७३५ मिलीमीटर. "असला दुसरा डिकीत ठेव," ते मित्राला म्हणाले. "गिरणीचा पट्टा पोलादपुरात मिळंल. हा नाय मिळायचा."