लेहमध्ये कपडे लवकर का वाळतात?

मनाली-लेह मोटारसायकलने जाणाऱ्यांना हे हमखास जाणवतं: तंबूच्या दोरीवर टाकलेला टी-शर्ट गार हवेतही बघता बघता वाळतो. जुलैत मालवणला तोच दोन दिवस दमट राहून कुबट वास मारतो. वाळणं नुसतं उन्हावर नसतं. पावसाळ्यातली कोकणची हवा म्हणजे खच्चून भरलेली एसटी; पाण्याचे जितके कण कापडातून वर चढतात, जवळपास तितकेच उतरून परत येतात. लेहची हवा बरीचशी रिकामी. शिवाय साडेतीन हजार मीटरवर हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या सुमारे दोन तृतीयांश, त्यामुळे वाफ झटकन पांगते. वारा असला तर विचारूच नका.

दमट मुक्कामी कपडे पिळून कोरड्या टॉवेलात गुंडाळा आणि दाबा. बरंचसं पाणी टॉवेल शोषून घेतो. जाड जीन्स मात्र घरीच ठेवा.