आठवड्याचे १६८ तास: शिकता शिकता नोकरी करणाऱ्यांचा हिशेब

बदलापूरहून सकाळी सहाची लोकल, दुपारपर्यंत कॉलेज, मग मॉलमधल्या दुकानात उभं राहायचं आणि रात्री अकराला घरी. जर्नल पुरं करायचं ते गाडीत, बसायला जागा मिळाली तर. अशा मुलाला घरचे, मास्तर आणि मॅनेजर तिघेही एकच सांगतात, 'जरा वेळेचं नियोजन कर.' त्या नियोजनाला जागा किती आहे, ते आधी आकड्यांत मांडून पाहू.

वजाबाकी

आठवड्याचे तास १६८. रोजची आठ तास झोप धरली तर ५६ गेले, उरले ११२. राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यानुसार वर्षाला ४० क्रेडिट आणि एका क्रेडिटमागे ३० तासांचा अभ्यास. वर्ग, प्रात्यक्षिक, घरचं वाचन सगळं त्यात आलं. म्हणजे वर्षाला १२०० तास. १५ आठवड्यांच्या दोन सत्रांत ते वाटले, तर आठवड्याला ४०. कागदावर तरी पदवी हीच एक पूर्णवेळ नोकरी झाली. उरले ७२. सहा दिवस आठ-आठ तासांच्या कामाचे ४८ काढले की २४ राहतात. रोजचा अडीच तासांचा प्रवास सहा दिवस धरला की हातात ९ तास.

दिवसाला जेमतेम सव्वा तास. आंघोळ, जेवण, कपडे, दळण, ताप आणि मित्र, सगळं त्यात बसवायचं. ते बसत नाही, म्हणून कुठेतरी कात्री लागते. हजेरीला सहसा लागत नाही, कारण ७५ टक्के भरली नाही की ब्लॅकलिस्टमध्ये नाव येतं. कात्री लागते ती झोपेला आणि घरच्या वाचनाला, कारण त्यांची हजेरी कुणी घेत नाही.

ओढ तीन तऱ्हांची

ग्रीनहाऊस आणि ब्यूटेल या अभ्यासकांनी १९८५ साली नोकरी आणि संसार यांच्यातल्या ओढाताणीचे तीन प्रकार सांगितले. विद्यार्थ्यालाही ते चपखल लागू पडतात. पहिली ओढ वेळेची, ती वर आलीच. दुसरी ताणाची: शरीर वर्गात आणि डोकं काल गिऱ्हाइकाने घातलेल्या वादात. तिसरीकडे कुणाचं फारसं लक्ष जात नाही. ती वागण्याची. काउंटरवर 'हो सर, लगेच सर' म्हणण्याचे पैसे मिळतात. चर्चासत्रात नेमकं उलट, तिथे शंका काढणाऱ्याला गुण. सहा दिवस मान डोलावलेल्या मुलाला सातव्या दिवशी 'तुझं मत काय?' विचारलं की तो गप्प बसतो. आपण मात्र त्याला अभ्यासात कच्चा ठरवून मोकळे होतो.

कामावर काय उमटतं

सकाळी सहाला उठलेला मुलगा रात्री अकराला डिलिव्हरीची शेवटची फेरी मारतो, तेव्हा तो सलग १७ तास जागा असतो. विल्यमसन आणि फेयर यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात १७ ते १९ तासांच्या जागरणानंतर काही चाचण्यांतली कामगिरी रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकी किंवा त्याहून वाईट आढळली. आपल्या मोटार वाहन कायद्यात चालकाची मर्यादा ०.०३ टक्के आहे. नाकाबंदीवर तोंडाचा वास तपासतात, झोप कोण तपासणार? दुकानात याच थकव्याचं रूप म्हणजे चुकलेलं बिल किंवा विसरलेली ऑर्डर, आणि शेरा पडतो 'लक्ष नाही'.

काम आणि अभ्यास एकाच दिशेने धावत असतील तर चित्र पालटतं. सीएची आर्टिकलशिप करणारा मुलगा दिवसा जीएसटीचं विवरणपत्र भरतो आणि रात्री तेच पुस्तकात वाचतो. तास तेवढेच, पण एका तासात दोन्ही खात्यांवर जमा होते.

वेळापत्रक हलवणारी माणसं

हा प्रश्न महाराष्ट्राला नवा नाही. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ साली शेतकरी-कामकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली. डॉ. आंबेडकरांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केलं, तेव्हा नोकरी करणाऱ्यांना शिकता यावं म्हणून वर्ग सकाळी ठेवले. दोन्हीकडे हललं ते संस्थेचं घड्याळ.

कर्मवीर भाऊराव पाटलांनी याच्याही पुढे जाऊन कामच शिक्षणाच्या आवारात आणलं. साताऱ्याच्या बोर्डिंगात मुलं स्वयंपाकापासून शेतीपर्यंत सगळं करत. १९४७ साली तिथेच छत्रपती शिवाजी महाविद्यालय निघालं, तेही 'कमवा आणि शिका' याच पायावर. प्रवासाचे तास वाचले, आणि परीक्षा कधी आहे हे काम देणाऱ्याला वेगळं सांगावं लागेना. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाची अशीच योजना आजही कर्मवीरांच्याच नावाने चालते; मुलं ग्रंथालयात, कार्यालयात, बागेत मोजके तास काम करतात. मानधनात पुण्यातल्या खोलीचं भाडं निघत नाही, ही तिची मोठी उणीव.

सीमेपलीकडे

परदेशी गेलेल्या आपल्या मुलांना कामाच्या तासांची मर्यादा व्हिसाच घालून देतो. अमेरिकेत सत्र चालू असताना आवारातच, आठवड्याला २० तास. ऑस्ट्रेलियात २०२३ पासून पंधरवड्याला ४८. हेतू काहीही असो, मोजपट्टी म्हणून आकडा उपयोगी. वरच्या हिशेबात कामाच्या ४८ तासांच्या जागी २० घाला: ९ चे ३७ होतात.

हातात असलेल्या गोष्टी

दोन हजार रुपये जास्त देणाऱ्या लांबच्या नोकरीपेक्षा घराजवळची किंवा कॉलेजजवळची परवडते. प्रवासाचे १५ तास हीच त्या पगारातली छुपी कपात. दर आठवड्याला बदलणाऱ्या रोस्टरपेक्षा ठरलेली शिफ्ट बरी, मग ती गैरसोयीची का असेना. परीक्षेचं वेळापत्रक लागलं की त्याच दिवशी मॅनेजरला लेखी द्यावं. आदल्या दिवशी मागितलेली रजा त्याच्याही गळ्याशी येते.

आणि पूर्णवेळ नोकरी सोडणं शक्यच नसेल, तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ पासून नेमक्या अशाच लोकांसाठी उभं आहे. तिथे प्रवेश घेणं म्हणजे हार मानणं, असं अजूनही काही घरांत समजतात. त्या घरांत बहुधा कुणी ९ तासांत आठवडा बसवून पाहिलेला नसतो.