भोपळा सोडल्यावर

विहिरीत पोहायला शिकणाऱ्या पोराच्या पाठीला पूर्वी वाळका भोपळा बांधत; पुढे पत्र्याचा रिकामा डबा आला. तो पाठीवर असेपर्यंत पोरगं हातपाय कसेही मारो, बुडत नसे. रिमोटवर उडणारं पहिलं हेलिकॉप्टर बहुधा असंच भोपळा बांधलेलं असतं. सायमा एस१०७ हे चिनी बनावटीचं वीतभर लांबीचं हेलिकॉप्टर घ्या, किंवा ब्लेड एमसीएक्स हे जेमतेम तीसेक ग्रॅमचं. दोन्हींत एकावर एक असे दोन पंखे आणि दोघांच्या फिरण्याच्या दिशा उलट. हात सुटला तरी ते हवेत आपलं आपण सावरतं. चार दिवसांत खोलीचे चारही कोपरे पालथे घालून होतात. मग कुणीतरी मैदानावर हेलिकॉप्टर उलटं करून जमिनीला समांतर उडवताना दिसतं आणि हातातलं हेलिकॉप्टर अचानक लहान वाटायला लागतं.

पुढचं हेलिकॉप्टर इथेच घाईनं घेतलं जातं. पहिल्याच संध्याकाळी मोडून माळ्यावर गेलेली अशी हेलिकॉप्टरं थोडी नाहीत. ती महाग असतात, ताकदवान असतात, आणि पहिल्या हेलिकॉप्टरनं जे काम गुपचूप स्वतःकडे घेतलेलं असतं, ते सगळं उडवणाऱ्याच्या हातात देतात.

ते काम कोणतं, हे समजून घेण्यासारखं आहे. पंखा एका दिशेला फिरला की हेलिकॉप्टरचं अंग उलट दिशेला पिळलं जातं; न्यूटनचा तिसरा नियम. दोन पंखे उलटसुलट फिरले की दोन्ही पीळ एकमेकांत विरतात. शिवाय वरच्या पंख्याला, टोकांशी वजन असलेली एक आडवी दांडी जोडलेली असते. फिरत्या भोवऱ्यासारखी ती आपली पातळी सोडत नाही आणि हेलिकॉप्टर कललं की पंख्याला पुन्हा सरळ आणते. स्थैर्य मिळतं, पण त्याची किंमत मोजावी लागते. वरचा पंखा उडवणाऱ्याच्या ताब्यात नसल्यानं वाऱ्याशी झुंजायची सोयच राहत नाही. छताचा पंखा सुरू असला तरी हे हेलिकॉप्टर भिंतीकडे वाहत जातं. एस१०७ ला तर डावी-उजवीकडे सरकताही येत नाही. वर-खाली, पुढे-मागे आणि जागच्या जागी वळणं, एवढंच.

दोन पंखे म्हणजे खेळणं, असं मात्र कुणी समजू नये. भारतीय नौदलाची कामोव्ह-३१ हेलिकॉप्टरं गोव्यातल्या दाबोळीच्या आयएनएस हंसा तळावरून उडत आली आहेत, त्यांनाही एकावर एक दोन पंखे आहेत. १९ एप्रिल २०२१ ला मंगळावर उडालेल्या इंजेन्युइटीलाही तसेच होते. फरक पात्यांत आहे. या मोठ्या यंत्रांत सगळ्या पात्यांचा कोन उडता उडता एकदम बदलता येतो, खेळण्यात येत नाही. पंख्यांच्या संख्येपेक्षा ही पायरी कितीतरी मोठी आहे.

घरातल्या छताच्या पंख्याचा वारा कमी-जास्त करायचा तर रेग्युलेटर फिरवावा लागतो. सुरुवातीची हेलिकॉप्टरं याच तत्त्वावर चढतात-उतरतात: मोटर जोरात फिरली की वर, हळू झाली की खाली. आता असा पंखा डोळ्यांसमोर आणा, ज्याचा वेग कायम एकच आहे, पण पाती मुळाशी पिळता येतात. जास्त पिळली की जास्त वारा, सपाट केली की वारा बंद, आणि उलटी पिळली की वारा थेट छताकडे. याला कलेक्टिव्ह पिच म्हणतात. स्वॉशप्लेट नावाची दुहेरी चकती तीन सर्व्हो, म्हणजे हुकमानुसार हलणाऱ्या छोट्या मोटरा, मिळून वर-खाली सरकवतात आणि पात्यांचा कोन शून्याच्या दोन्ही बाजूंना दहा-बारा अंशांपर्यंत जातो. पंख्याचा वेग वाढायची वाट पाहावी लागत नसल्यानं हुकूम दिला की हेलिकॉप्टर त्याच क्षणी उसळतं. कोन उलटा करता येतो म्हणूनच ते डोक्यावर उभं राहून उडू शकतं.

सगळ्यात धोक्याची सवयही इथेच आडवी येते. पहिल्या हेलिकॉप्टरवर घाबरलं की स्टिक खाली ओढायची, मोटर थांबते, हेलिकॉप्टर टपकन पडतं, फारसं काही बिघडत नाही. नव्या हेलिकॉप्टरला कसरतींच्या मोडमध्ये टाकून तीच स्टिक खाली ओढली तर मोटर थांबत नाही. पाती उलटी पिळली जातात आणि हेलिकॉप्टर पूर्ण ताकदीनिशी स्वतःला जमिनीत ठोकतं. त्यावरचा उपाय रिमोटवरच्या, मोटर थेट थांबवणाऱ्या एका खटक्यात आहे, त्याचं नाव थ्रॉटल होल्ड. तो खटका न बघता, बोटाच्या सवयीनं पडला पाहिजे. नवं हेलिकॉप्टर घेणाऱ्यानं गिरक्या शिकण्याआधी ही एक सवय बोटांना लावून घ्यावी.

नव्या हेलिकॉप्टरला वर दुसरा, उलटा फिरणारा पंखा नसल्यानं अंगाचा पीळ आता शेपटीवरच्या छोट्या पंख्याला पेलावा लागतो. या पंख्यामुळे हेलिकॉप्टर बाजूलाही ढकललं जातं, म्हणून हवेत एका जागी थांबलेलं हेलिकॉप्टर नीट पाहिलं तर किंचित कललेलं दिसतं. बहुतेक मॉडेलांचा मुख्य पंखा वरून पाहता घड्याळाच्या दिशेनं फिरतो, आपल्या चेतक हेलिकॉप्टरसारखा, आणि त्यांचा कल उजवीकडे असतो. हे ठाऊक नसलेला नवखा माणूस मशीन बिघडलं समजून ट्रिमची बटणं दाबत बसतो.

हे सगळं एकट्या माणसाच्या हातांनी सांभाळणं किती अवघड होतं, ते या छंदाच्या इतिहासात दिसतं. रिमोटवरची विमानं कधीपासून उडत होती, हेलिकॉप्टर मात्र कुणाच्या ताब्यात येत नव्हतं. १९६०च्या दशकाच्या अखेरीस डीटर श्ल्यूटर या जर्मन अभियंत्यानं ते साधलं आणि त्याच्या आखणीवरचे संच पुढे बाजारात आले. पंख्यावरची स्थैर्याची दांडी त्यानंतर कित्येक दशकं मॉडेलांवर टिकून राहिली. मग तीन अक्षांचे जायरो, म्हणजे अंगाचं वळणं ओळखणारे सेन्सर, स्वस्त झाले आणि दांडीचं काम एका छोट्या सर्किटनं उचललं. ब्लेड एमसीपी एक्स हे ४५ ग्रॅमचं, दांडी नसलेलं, पात्यांचा कोन बदलणारं हेलिकॉप्टर आलं तेव्हा अशी कसरत दिवाणखान्यात मावू लागली.

त्याच सर्किटमुळे जुना सल्लाही बदलायला हवा. पूर्वी मधली एक पायरी घ्यायला सांगत: एकच मुख्य पंखा, पण पात्यांचा कोन कायम, म्हणजे ब्लेड एमएसआरसारखं. शेपूट सांभाळायची सवय त्यानं होते, पण वाऱ्यात ते हतबल असतं आणि हाताला लागलेलं निम्मं वळण पुढे मोडावं लागतं. आता एक्सके के११० सारख्या हेलिकॉप्टरांत एका खटक्यावर आपोआप सरळ राहायचा मोड मिळतो आणि दुसऱ्या बाजूला पूर्ण मोकळीक. एकाच यंत्रात भोपळा बांधता येतो आणि सोडताही येतो. मधल्या पायरीचे पैसे वाचवून ते चांगल्या रिमोटला लावावेत. हेलिकॉप्टरं येतात-जातात, सहा किंवा जास्त चॅनेलचा रिमोट वर्षानुवर्षं साथ देतो.

आकाराबद्दल मात्र हाव नको. तैवानच्या अलाइन कंपनीच्या टी-रेक्स ४५० नं एक पिढी घडवली. या हेलिकॉप्टरच्या पंख्याचा व्यास ७० सेंटिमीटरच्या आसपास आहे. मिनिटाला २७०० फेऱ्या धरल्या तर पात्यांची टोकं ताशी साडेतीनशे किलोमीटरनं हवा कापतात. हे आकडे भीती घालायला दिलेले नाहीत. पण सप्टेंबर २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातल्या एका बागेत १९ वर्षांचा तरुण स्वतःच्याच मोठ्या मॉडेल हेलिकॉप्टरच्या पात्यांनी दगावला, आणि तो नवखा नव्हता. पहिली मोठी उडी तीनशे ग्रॅमच्या घरातल्या हेलिकॉप्टरवर घ्यावी. ते मंद वारा पेलतं, डोळ्यांना स्पष्ट दिसतं आणि गवतात पडलं तर दुरुस्ती एखाद्या पात्यावर किंवा स्पिंडलवर भागते.

खरी परीक्षा हेलिकॉप्टरचं तोंड आपल्याकडे वळतं तेव्हा सुरू होते. शेपूट आपल्याकडे असताना डावं म्हणजे डावंच. समोरासमोर आल्यावर डावं उजवं होतं, पुढचं मागचं होतं, आणि विचार करून उत्तर शोधेपर्यंत हेलिकॉप्टर जमिनीवर असतं. जुने उडवणारे एक खूण सांगतात: तोंड आपल्याकडे असताना ते ज्या बाजूला कलेल, त्याच बाजूला स्टिक न्यायची, जणू पडणाऱ्या बाजूला टेकू द्यायचा. ही खूण डोक्यातून बोटांत उतरायला शेकडो अपघात लागतात आणि ते संगणकावर व्हावेत. रिअलफ्लाइट, नेक्स्ट असे सिम्युलेटर खऱ्या रिमोटला जोडून चालतात; तिथे हेलिकॉप्टर कितीदाही आपटलं तरी एक बटण दाबलं की पुन्हा उभं. रोज वीस मिनिटं असा सराव केलेला हात मैदानावर वेगळाच दिसतो.

बॅटऱ्यांची शिस्त वेगळीच शिकावी लागते. लिथियम पॉलिमर सेल पूर्ण भरल्यावर ४.२ व्होल्टचा असतो. त्यापुढे भरला किंवा टोचला गेला तर पेट घेऊ शकतो. बॅलन्स चार्जरवरच, समोर बसून चार्ज करायचं, अंथरुणावर किंवा पडद्याजवळ नाही. सेल तळापर्यंत रिकामा करायचा नाही, आणि आठवडाभर उडवायचं नसेल तर ३.८ व्होल्टच्या आसपास आणून ठेवायचा. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरायची नाही.

जागेचाही प्रश्न आहे. २०२१ च्या ड्रोन नियमांत बिनवैमानिक हेलिकॉप्टरंही येतात. २५० ग्रॅमपर्यंतचं यंत्र नॅनो, त्यावर दोन किलोपर्यंतचं मायक्रो. डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळाच्या नकाशावर लाल किंवा पिवळा पट्टा असेल तिथे परवानगीशिवाय उडवता येत नाही, आणि विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आतला शहरी भाग बहुतांशी त्यातच येतो. मुंबईत पोलिसांचे मनाई आदेश वेळोवेळी निघतात, ते वेगळे पाहावे लागतात. म्हणून मोठ्या शहरातल्या छंदिष्टांची रविवारची सुरुवात गाव ओलांडून होते.

पहिल्या सकाळी कोवळ्या उन्हात, वारा उठायच्या आत, माळरानावर पोचावं. हेलिकॉप्टर आठ-दहा पावलांवर ठेवायचं, शेपूट आपल्याकडे. थ्रॉटल होल्ड लावून मगच बॅटरी जोडायची. जायरो सुरू होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही. मग दूर येऊन होल्ड काढायचा आणि डोक्याच्या उंचीपर्यंत नेऊन फक्त एका जागी धरून ठेवायचं. टायमर पाच मिनिटांना वाजेल. हळूच उतरवायचं, होल्ड लावायचा आणि पाती पूर्ण थांबेपर्यंत जागचं हलायचं नाही.