विस्मृतीचें ओझें

‘साठी बुद्धि नाठी’ ही म्हण मराठी माणसाच्या तोंडीं इतकी रुळलेली आहे कीं, घरांतील वृद्ध माणूस जेवून उठतांच पुन्हां जेवण मागूं लागला किंवा पोटच्या मुलीला ओळखीनासा झाला, तरी त्यांत कोणाला रोग दिसत नाहीं. दिसतो तो म्हातारचळ. वस्तुतः वार्धक्यांतील साधें विसराळूपण निराळें आणि स्मृतिभ्रंश निराळा. अडकित्ता कोठें ठेवला हें न आठवणें हा वयाचा धर्म होय. अडकित्त्याचें काय करावयाचें हेंच न आठवणें हा रोग होय.

स्मृतिभ्रंशाच्या प्रकारांत अल्झायमरचा रोग सर्वांत अधिक आढळतो. १९०१ सालीं जर्मनींतील फ्रँकफुर्ट येथें वेड्यांच्या इस्पितळांत ५१ वर्षांची एक स्त्री दाखल झाली. १९०६ सालीं ती वारल्यावर डॉ. आलोइस अल्झायमर यांनीं तिचा मेंदू सूक्ष्मदर्शकाखालीं तपासला. मेंदू आक्रसलेला, पेशींच्या बाहेर प्रथिनांचीं पुटें सांचलेलीं व पेशींच्या आंत तंतूंचा गुंता झालेला त्यांना आढळला. अलीकडे निघालेलीं कांहीं औषधें रोगाच्या आरंभीं त्याची गति थोडीशी मंद करतात. त्याचें निर्मूलन करणारें औषध अद्याप नाहीं. म्हणून खरा प्रश्न उरतो तो शुश्रूषेचा. रोगी कित्येक वर्षें जगतो. तेवढा काळ त्याच्यावर रात्रंदिवस नजर ठेवावी कोणीं, आणि त्याचा खर्च सोसावा कोणीं?

हा प्रश्न जपानांत धसास लागला. तेथें शंभरांतील सुमारें २९ माणसें ६५ वर्षांवरील आहेत, आणि २०२२ सालच्या अंदाजाप्रमाणें त्यांपैकीं सुमारें ४४ लाख लोकांना स्मृतिभ्रंश जडलेला होता. जपानी सरकारनें २००० सालीं शुश्रूषेचा विमा सुरू केला. चाळिशीपासून प्रत्येकानें वर्गणी भरावी, निम्मा भार करांच्या उत्पन्नांतून उचलावा आणि गरजवंतानें सामान्यतः खर्चाचा दहावा हिस्सा द्यावा, अशी ती योजना आहे. २००४ सालीं रोगाचें जुनें नांवहि बदललें, कारण त्यांत मूर्खपणाचा अर्थ होता. २००५ पासून दुकानदार, बँकेंतील कारकून, शाळेंतील मुलें यांना दीड तासाच्या वर्गांत या रोग्यांशीं कसें वागावें हें शिकविण्यांत येऊं लागलें. असे सहायक आजवर एक कोटीहून अधिक झाले आहेत.

इतकें असूनहि ओझें घरांतच होतें. २००७ सालच्या डिसेंबरांत आईची प्रांतांतील ओबु शहरांत ९१ वर्षांचा एक रोगी घराबाहेर पडला. शुश्रूषा करणाऱ्या ८५ वर्षांच्या पत्नीचा क्षणभर डोळा लागला होता. तो रुळांवर उतरला आणि आगगाडीखालीं सांपडून मरण पावला. गाड्या खोळंबल्याबद्दल रेल्वे कंपनीनें त्याच्या कुटुंबाकडून सुमारें ७२ लाख येन मागितले. जिल्हा न्यायालयानें २०१३ सालीं ही रक्कम पत्नी व थोरला मुलगा यांच्यावर बसविली. वरिष्ठ न्यायालयानें २०१४ सालीं मुलाला वगळून निम्मी रक्कम पत्नीवर ठेवली. अखेर १ मार्च २०१६ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें दोघांनाहि मुक्त केलें. केवळ पत्नी किंवा पुत्र आहे एवढ्यावरून देखरेखीचें कायदेशीर उत्तरदायित्व कोणावर येत नाहीं, असा तो निर्णय होता.

पत्नी सुटली, पण अशा प्रसंगीं नुकसान कोणीं सोसावें हा प्रश्न उरलाच. त्याला कोबे शहरानें उत्तर दिलें. २०१९ सालीं तेथें रहिवाशांवरील करांत माणशीं वर्षाला ४०० येनची वाढ करण्यांत आली आणि त्या पैशांतून वृद्धांची मोफत तपासणी व रोग्याच्या हातून घडलेल्या अपघातांची भरपाई यांची सोय झाली. एका म्हाताऱ्या स्त्रीला चिरडणारा भार सर्व शहरानें वांटून घेतला, तेव्हां तो प्रत्येकाला एका जेवणाच्या खर्चाहून फारसा जड झाला नाहीं. पुढें २०२३ सालीं जपानच्या संसदेनें स्मृतिभ्रंशाविषयीं मूलभूत कायदा केला. तो १ जानेवारी २०२४ पासून अंमलांत आला. तथापि काम पुरें झालें असें नाहीं. एकट्या २०२३ सालीं असे एकोणीस हजारांवर रोगी हरवल्याची पोलिसांकडे नोंद झाली, आणि आप्तांच्या शुश्रूषेसाठीं दरसाल सुमारें एक लाख माणसें नोकरी सोडतात.

भारतांत २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणीप्रमाणें ६० वर्षांवरील लोकांत शेंकडा ७.४, म्हणजे सुमारें ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. वृद्धांच्या आरोग्याचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० सालीं सुरू झाला, व केरळ राज्यानें २०१४ सालीं या रोगासाठीं स्वतंत्र उपक्रम हातीं घेतला. परंतु २००७ सालचा कायदा आईबापांच्या निर्वाहाचें कर्तव्य मुलांवरच ठेवतो. तें योग्यहि आहे. मात्र रात्रभर दाराशीं जागत बसणाऱ्या सुनेला त्या कायद्यानें एका रात्रीचीहि झोंप मिळत नाहीं.

अशा योजनांनीं सरकारी तिजोरीवर बोजा पडेल, अशी हाकाटी नेहमींच होते. पण हा बोजा सरकार निर्माण करीत नाहीं. तो अगोदरच कोणाच्या तरी घरीं येऊन पडलेला असतो. सरकारनें हात आंखडला म्हणून तो हलका होत नाहीं. कोणत्याहि जमाखर्चाच्या वहींत तो लिहिला जात नाहीं, इतकेंच.